भाड्याच्या शंभरपट जबाबदारी : सांगलीतील एका सहकारी बँकेच्या लॉकर सेवेचे परीक्षण

लॉकरची सेवा कशी आहे असे कोणी विचारले, तर आपल्याकडे बहुतेक जण लॉकर किती दिवसांनी मिळाला, भाडे किती पडते आणि शाखेत किती वेळ ताटकळावे लागते एवढे सांगून थांबतात. सांगलीच्या गणपती पेठेच्या परिसरातील ज्या नागरी सहकारी बँकेच्या शाखेत आमच्या घरचा लॉकर आहे, तिच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आहेत. लॉकरसाठी नाव नोंदवले की प्रतीक्षा यादीतील क्रमांकासह पोच मिळते, लहान लॉकरचे भाडे वर्षाला दीड हजार रुपये आणि वर जीएसटी इतके आहे, आणि लग्नसराईचे दिवस सोडले तर पाऊण तासाच्या आत माणूस काम आटोपून घरी पोहोचतो. तरीही या बँकेत लॉकर घ्यावा की घेऊ नये, हे या उत्तरांवर ठरू नये असे मला वाटते. बँकेच्याच माणसाने लॉकरला हात घातला तर बँक ते नुकसान भरून देते का, आणि देत असेल तर किती, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे आणि या परीक्षणात मी सेवेची पारख मुख्यतः त्याच प्रश्नावर केली आहे. बँकेचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण नाव दिले की चर्चा नावाभोवतीच फिरत राहते.

लॉकर उघडण्याची पद्धत या शाखेत शिस्तीची आहे. रजिस्टरमध्ये लॉकर क्रमांक, नाव आणि वेळ लिहून सही करावी लागते; अधिकारी ती सही संगणकावरील नमुन्याशी ताडून पाहतात, मग टेबलामागच्या कपाटाचे कुलूप उघडून मास्टर किल्ली काढतात आणि पुढे होऊन स्ट्राँग रूमची जाळी उघडतात. लॉकरच्या दारावर दोन भोके आहेत. वरच्या भोकात अधिकाऱ्यांची किल्ली आधी अर्धी फिरते, खालच्या भोकात आपली किल्ली नंतर फिरते, आणि हलकासा खटका बसला की अधिकारी आपली किल्ली काढून घेऊन बाहेर जातात. आत एक लोखंडी स्टूल, सनमायका लावलेले अरुंद टेबल आणि गंठण घालून पाहण्यासाठी भिंतीला लावलेला आरसा आहे. माझ्या किल्लीच्या मुठीवर शाखेचा सांकेतिक क्रमांक कोरलेला आहे, जो रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक किल्लीवर असायलाच हवा. आपल्यापैकी किती जणांनी आपली किल्ली या दृष्टीने पाहिली असेल, याची शंकाच आहे.

दोन किल्ल्यांची ही व्यवस्था पाहिली की आपण निश्चिंत होतो, परंतु तिचा सगळा भार माणसांवर आहे हे विसरून चालणार नाही. आपला लॉकर आपल्याआधी कोणाकडे तरी होता, त्याने तो सोडताना किल्ली परत केली, ती किल्ली लिफाफ्यात घालून कोणीतरी सांभाळली आणि पुढे कोणीतरी ती आपल्या हातात दिली. या साखळीतील प्रत्येक कडी म्हणजे पगारावर काम करणारा एक माणूस आहे. म्हणूनच रिकाम्या लॉकरांची आणि त्यांच्या किल्ल्यांची अचानक तपासणी, त्या किल्ल्या ज्यांच्या ताब्यात नाहीत अशा अधिकाऱ्याने करावी, असे नियम सांगतो. अशी तपासणी होते का, असे मी शाखाधिकाऱ्यांना विचारले तेव्हा त्यांनी प्रश्नाचे स्वागत केले नाही, पण मुख्य कार्यालयातून येणाऱ्या तपासनिसाच्या सहीचे पान लांबून दाखवले. त्याबद्दल मी त्यांना पूर्ण गुण देते. ग्राहकाने असे काही विचारावे याची त्यांना सवय नव्हती, तरी त्यांनी टाळाटाळ केली नाही.

आता त्या मुख्य प्रश्नाकडे वळू. नोकराने केलेल्या गैरकृत्याची भरपाई मालकाने का करावी, ही तक्रार मालकवर्गाकडून नेहमी ऐकू येते, आणि वरवर पाहता तिच्यात तथ्य आहे असेही वाटते. कारण चोरी करा असे कोणत्याही बँकेने कारकुनाला सांगितलेले नसते. परंतु ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. मी बँक निवडली, कारकून निवडला नाही. त्याची नेमणूक कोणी केली, त्याच्या आधीच्या शाखेत त्याच्याविषयी काय बोलले जात होते, त्याच्या डोक्यावर कर्ज किती आहे, तो सलग किती वर्षे त्याच टेबलावर बसला आहे, यांपैकी काहीही मला कळण्याचा मार्ग नाही. बँकेला मात्र हे सगळे कळू शकते आणि ती त्याला उद्या दुसऱ्या टेबलावर बसवू शकते. हरिपूरच्या पेवांत हळद ठेवणारा व्यापारी ती पेवमालकाच्या भरवशावर ठेवत असे, पेवाचे तोंड उघडणाऱ्या गड्याच्या नव्हे, आणि लॉकरचे भाडे भरणाऱ्या माणसाची भूमिका याहून वेगळी नाही. फौजदारी कायदा कर्मचाऱ्याला तुरुंगात पाठवू शकतो, पण तुरुंगात गेलेल्या माणसाकडून पाटल्या परत मिळत नाहीत.

नोकराने स्वतःच्या फायद्यासाठी फसवणूक केली तर मालक सुटतो का, या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, १९१२ मध्येच लॉइड विरुद्ध ग्रेस, स्मिथ अँड कंपनी या खटल्यात दिले. लिव्हरपूलच्या वकिलांच्या एका पेढीतील व्यवस्थापक कारकुनाने सल्ला मागायला आलेल्या विधवा बाईकडून तिची घरे स्वतःच्या नावावर करून घेतली. मालकाला याचा पत्ताही नव्हता आणि फायदाही झाला नव्हता, तरी ती फसवणूक पेढीच्या कचेरीत, पेढीचे म्हणून जे काम होते ते करण्याच्या ओघात झाली, एवढ्यावर पेढी जबाबदार ठरली. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे २३८ वे कलम याच धाटणीचे आहे. प्रतिनिधीने मालकाच्या कामाच्या ओघात केलेली फसवणूक ही त्या व्यवहारापुरती मालकानेच केली असे ते मानते.

या साऱ्याची मेख ‘कामाच्या ओघात’ या अटीत आहे, आणि सांगलीसारख्या शहरात ती अट ग्राहकाच्या अंगावर कशी उलटू शकते हे याच शाखेत पाहायला मिळते. माझ्या सासूबाईंना गुडघेदुखीमुळे वाकता येत नाही आणि आमचा लॉकर खालच्या ओळीत आहे. शाखेतील एक जुने कर्मचारी त्यांना अनेक वर्षांपासून ओळखतात. ते लगबगीने पुढे येतात, “काकू, तुम्ही बसा, द्या ती किल्ली, मी काढून देतो” असे म्हणून किल्ली हातात घेतात, लॉकर उघडतात, डबा काढून टेबलावर ठेवतात आणि परत जाताना डबा आत सारून, कुलूप लावून किल्ली आणून देतात. एकदा तर सासूबाई बाहेरच्या बाकावरच बसून राहिल्या होत्या. या गृहस्थांच्या सचोटीविषयी मला तिळमात्र शंका नाही. मात्र ग्राहकाची किल्ली हातात घेणे हे बँकेने त्यांना नेमून दिलेले काम नाही, उलट दोन किल्ल्या दोन वेगळ्या हातांत राहाव्यात यासाठीच ही सगळी यंत्रणा उभी आहे, आणि त्यामुळे उद्या काही कमी-जास्त झाले तर बँक बिनदिक्कत म्हणू शकते की, काकूंनी किल्ली बँकेच्या अधिकाऱ्याला दिली नव्हती, ओळखीच्या माणसाला दिली होती.

असे म्हणून बँक सुटल्याचे उदाहरण आहे. स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध श्यामा देवी या १९७८ च्या निकालात अलाहाबादच्या एका खातेदार बाईच्या पतीने बँकेत भरण्यासाठी पैसे बँकेच्याच एका कर्मचाऱ्याकडे दिले होते. तो त्यांचा शेजारी आणि स्नेही होता. त्याने ते खात्यात न भरता गिळंकृत केले. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, पैसे त्याच्याकडे स्नेही म्हणून दिले गेले, बँकेचा कर्मचारी म्हणून त्याने ते स्वीकारले नाहीत, सबब बँक जबाबदार नाही. लिव्हरपूलच्या विधवेला न्याय मिळाला तो ती कचेरीत गेली आणि कारकुनाने कचेरीचे काम केले म्हणून, आणि श्यामा देवींना मिळाला नाही तो शेजारधर्माने बँकेच्या काउंटरची जागा घेतली म्हणून. आपल्या सहकारी बँकांचा आणि पतसंस्थांचा निम्मा धंदा ‘आपला माणूस’ या एका भरवशावर चालतो. पासबुक घरी भरून आणून देणारा शिपाई, सही नंतर घेतो म्हणणारा रोखपाल, हे आपल्याला सेवेचे गुण वाटतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र यातील प्रत्येक सवलत बँकेचे दायित्व थोडे थोडे पातळ करत जाते, आणि म्हणून मी हा गुण या शाखेच्या उणिवांत मोजते. शाखेने खालच्या ओळीतील ज्येष्ठ ग्राहकांना वरच्या ओळीतील लॉकर बदलून द्यावेत, असे मी लेखी सुचवले आहे; किल्ली हातात घेण्यापेक्षा ती मदत जास्त कामाची ठरेल.

कर्मचारी म्हणजे नेमके कोण, हाही मुद्दा सोडून चालणार नाही. या शाखेच्या दारावरचा सुरक्षारक्षक कंत्राटदाराचा आहे, झाडलोट करणाऱ्या मावशी दुसऱ्या कंत्राटदाराकडून येतात आणि स्ट्राँग रूमच्या जाळीपर्यंत दोघांचाही वावर असतो. रिझर्व्ह बँकेचा नियम बँकेच्या कर्मचाऱ्याने केलेल्या फसवणुकीविषयी बोलतो. कंत्राटी माणसाबद्दल विचारले तर ‘तो आमचा नाही’ हे उत्तर ठरलेले असते. न्यायालयांनी हे उत्तर नेहमीच मानलेले नाही. सविता गर्ग खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, डॉक्टर पगारी नोकर नव्हता, बाहेरून बोलावलेला होता, असे म्हणून रुग्णालयाला अंग काढून घेता येणार नाही. बँकांच्या पिग्मी गोळा करणाऱ्यांच्या बाबतीतही, ते कमिशनवर काम करत असले तरी कामगारच आहेत, असा निकाल त्याच न्यायालयाने २००१ मध्ये दिला. तो वाद त्यांच्या हक्कांचा होता, ग्राहकाच्या भरपाईचा नव्हता, पण दुकानादुकानांतून रोज पैसे गोळा करणाऱ्या माणसाला परका ठरवणे त्यानंतर अवघड झाले हे खरे.

लॉकरपुरते बोलायचे तर सगळी नियमावली बदलली ती एका निकालामुळे. अमिताभ दासगुप्ता विरुद्ध युनायटेड बँक ऑफ इंडिया या खटल्यात, भाडे भरलेले असतानाही बँकेने १९९४ मध्ये कोलकात्यातील एका ग्राहकाचा लॉकर त्याला न कळवता फोडला आणि नंतर त्यातील काही दागिनेच परत केले. सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ग्राहकाला ५ लाख रुपये भरपाई आणि १ लाख रुपये खर्च मंजूर केला, आणि सहा महिन्यांच्या आत लॉकरविषयी नियम करण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेला दिला. या निकालातील एक वाक्य आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी जाते: ती ५ लाखांची रक्कम दोषी अधिकारी अजून नोकरीत असतील तर त्यांच्या पगारातून कापावी आणि निवृत्त झाले असतील तर बँकेने भरावी. न्यायालयाची चीड मी समजू शकते, तरी मला पसंत पडतो तो उलटा क्रम. ग्राहकाचे पैसे आधी बँकेने द्यावेत आणि मग बँकेने ते आपल्या माणसाकडून वसूल करावेत. कोण नोकरीत आहे आणि कोण निवृत्त झाले याच्याशी ग्राहकाला काय देणे-घेणे?

त्या आदेशानुसार १८ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने नवे नियम काढले आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. ‘आमची काहीही जबाबदारी नाही’ असे म्हणण्याची सोय बँकांना त्यांनी ठेवली नाही, ही त्यांची जमेची बाजू आहे. बँकेच्या हलगर्जीपणामुळे आग, चोरी, दरोडा किंवा इमारत कोसळणे अशी घटना घडली, अथवा बँकेच्या कर्मचाऱ्याने फसवणूक केली, तर लॉकरच्या प्रचलित वार्षिक भाड्याच्या शंभरपट रक्कम बँकेने द्यायची आहे. म्हणजे मालक जबाबदार आहे का, या प्रश्नाचे उत्तर नियमाने ‘आहे’ असे दिले आणि लगेच त्याला दरपत्रक जोडले.

ते दरपत्रक माझ्या लॉकरला लावून पाहावे. भाडे १,५०० रुपये, शंभरपट म्हणजे दीड लाख. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याच्या भावाने लाखाचा आकडा ओलांडला; तेव्हा सांगलीच्या सराफ पेठेत दीड लाखात घडणावळ आणि कर धरून दीड तोळ्याचा दागिनाही हाती येत नाही. बांगड्या, ठुशी, मोहनमाळ आणि सुनेसाठी जपून ठेवलेल्या पाटल्या असा साधा मध्यमवर्गीय डबा धरला, तरी या भरपाईत त्याचा एक कोपराच झाकला जाईल. त्याहून विचित्र गोष्ट अशी की, अनेक बँकांचे लॉकरभाडे महानगरात जास्त आणि लहान गावांत कमी असते, त्यामुळे तेच मंगळसूत्र मुंबईच्या शाखेतून गेले तर जास्त भरपाई आणि तासगाव किंवा विट्यातून गेले तर कमी. भाडे हे पेटीच्या आकारावर ठरते, आतील ऐवजावर नाही, आणि अंगठीएवढ्या जागेत हिऱ्यांचा सेट मावतो.

बँकांचे म्हणणे असे की, आत काय ठेवले आहे हे आम्हाला ठाऊक नसते, ग्राहकाने उद्या पाच तोळ्यांचे पन्नास सांगितले तर आम्ही काय करायचे? हा आक्षेप मी गैर मानत नाही, विशेषतः सहकारी बँकेच्या बाबतीत, जिथे भरपाई शेवटी सभासदांच्याच खिशातून जाते. परंतु लॉकरमध्ये काय होते हे सिद्ध करण्याचा बोजा आधीच ग्राहकावर आहे. दासगुप्ता खटल्यातही नेमका ऐवज किती होता या वादासाठी ग्राहकाला दिवाणी न्यायालयाचाच रस्ता दाखवण्यात आला. ज्याने सराफाच्या पावत्या, वजनाच्या चिठ्ठ्या आणि छायाचित्रे यांच्या आधारे तो बोजा पेलला, त्यालाही पुन्हा शंभरपटीच्या कुंपणापाशी अडवणे यात मला न्याय दिसत नाही. शिवाय दरोडेखोराने बाहेरून भिंत फोडणे आणि बँकेच्याच माणसाने आतून कुलूप उघडणे या दोन गोष्टी नियमाने एकाच तागडीत घातल्या आहेत. पहिल्या प्रसंगात बँकही काही अंशी बळी असते, म्हणून तिथे मर्यादा असावी हे पटते. दुसऱ्या प्रसंगात जोखीम बँकेने स्वतः नेमणूकपत्र देऊन आत आणलेली असते. कर्मचाऱ्यांच्या अप्रामाणिकपणापासून संरक्षण देणारा विमा बँकांना घेता येतो आणि अनेक बँका तो घेतातही. ग्राहकाच्या ऐवजाचा विमा विकण्यास मात्र याच नियमांनी बँकांना मनाई केली आहे, त्यामुळे तो आपला आपण शोधावा लागतो.

बँकेच्या भिंतीवर ‘येथे ठेवलेल्या वस्तूंची जबाबदारी बँकेवर नाही’ अशी जुनी पाटी अजून आहे, तिचाही उल्लेख करायला हवा. नव्या नियमांपुढे तिला अर्थ उरलेला नाही, आणि अशा पाट्यांना न्यायालयेही भीक घालत नाहीत. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या दारात एका पाहुण्याने १९९८ मध्ये गाडी लावण्यासाठी हॉटेलच्या माणसाकडे किल्ली दिली आणि गाडी चोरीला गेली. पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले होते, तरी हॉटेलला आपल्या निष्काळजीपणातून तेवढ्यावर सुटता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. हात झटकून मोकळे होणे जमले ते सरकारला. मेरठच्या पोलिसांनी १९४७ मध्ये जप्त केलेले एका सराफाचे सोने घेऊन हवालदार पाकिस्तानात पसार झाला, आणि पोलिसांचे काम हे राज्यसत्तेचे काम असल्याने भरपाई नाही, असे १९६५ मध्ये त्या व्यापाऱ्याला ऐकावे लागले. तो निकाल अनेकांना तेव्हाही रुचला नव्हता, मला आजही रुचत नाही.

पुन्हा शाखेकडे. नव्या नियमांनुसार जुन्या ग्राहकांचे करार नव्याने करण्याची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत गेली होती. आमचा करार मुदतीत झाला, पण त्याची प्रत मला मागून, आठवण करून आणि पुन्हा मागून मिळाली. प्रत ग्राहकाला देणे बँकेवर बंधनकारक आहे, हे सांगितल्यावरही समोरच्या अधिकारी बाईंनी “सगळ्यांनी अशीच सही केली आहे, ताई” असे उत्तर दिले. करार इंग्रजीत आहे आणि शंभरपटीचे कलम शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरांत आहे. ज्या ग्राहकवर्गात शेतकरी, हळदीचे व्यापारी आणि निवृत्त शिक्षक बहुसंख्य आहेत, त्यांना मराठी प्रत देणे हे सहकारी म्हणवणाऱ्या बँकेला जड जाऊ नये. या एका बाबतीत मी शाखेला नापास करते.

लॉकर उघडल्याचा संदेश त्याच दिवशी मोबाइलवर यावा असा नियम आहे आणि तो येतोही, पण संयुक्त लॉकर असताना तो फक्त पहिल्या नावावर जातो. आमच्या लॉकरवर पहिले नाव सासूबाईंचे आहे आणि त्यांचा मोबाइल बहुधा देवघरात चार्जिंगला लावलेला असतो. ही किरकोळ बाब वाटेल, पण ती तशी नाही. स्ट्राँग रूमच्या ये-जा करण्याच्या मार्गावरील कॅमेऱ्याचे चित्रीकरण किमान १८० दिवस ठेवण्याचे बंधन बँकेवर आहे. आपल्याकडे लॉकर उघडला जातो तो दिवाळीला आणि लग्नसराईत; घरात कार्य नसेल तर एका दिवाळीनंतर थेट पुढची दिवाळी. मधल्या काळात कोणी काही केले आणि ते आपल्या ध्यानात यायला वर्ष लागले, तर चित्रीकरण पुसले गेलेले असणार आणि तो संदेश हाच काय तो पुरावा उरणार. चित्रीकरण पोलीस तपास पूर्ण होईपर्यंत राखून ठेवावे लागते, पण त्यासाठी तक्रार वेळेत जायला हवी. म्हणून दर पाच महिन्यांनी एकदा, काम नसले तरी, लॉकर उघडून पाहावा असे मी सुचवेन. संदेश दोन्ही नावांवर जावा असा अर्ज मी शाखेला दिला आहे. संगणक प्रणालीत तशी सोय नाही, असे तोंडी उत्तर मिळाले आहे.

सांगलीत लॉकरविषयी लिहावे आणि पुराचा उल्लेख करू नये हे शक्य नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पेठेतील तळमजल्यांची काय अवस्था झाली ती सर्वांनी पाहिली. पूर, भूकंप, वीज यांमुळे झालेल्या नुकसानीतून नियमांनी बँकेला मोकळे केले आहे, मात्र अशा आपत्तींपासून जागा सुरक्षित ठेवण्याची योग्य काळजी घेण्याचे कर्तव्यही लादले आहे. माझ्या मते इथेही प्रश्न शेवटी माणसांवरच येतो: कोयनेतून विसर्ग वाढल्याच्या बातम्या येत असताना ग्राहकांना फोन न करणारा अधिकारी हा पुराचा भाग नाही, बँकेचा भाग आहे. या शाखेने त्यानंतर स्ट्राँग रूम पहिल्या मजल्यावर हलवली, आणि २०२१ च्या पुरात पायऱ्यांपर्यंत पाणी आले तरी लॉकर कोरडे राहिले. जिने चढताना ज्येष्ठांना त्रास होतो ही तक्रार रास्त आहे, पण मला विचाराल तर मी तो जिना पत्करेन.

ज्यांचे लॉकर पतसंस्थेत आहेत त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रिझर्व्ह बँकेचे हे नियम व्यापारी बँका, ग्रामीण बँका आणि सहकारी बँका यांना लागू आहेत; पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदवलेल्या असतात आणि हे परिपत्रक त्यांच्यासाठी नाही. तिथे कर्मचाऱ्याने गैरव्यवहार केला तर शंभरपटीचा हा आधारही आपोआप मिळत नाही. करारात काय लिहिले आहे ते आणि सर्वसाधारण कायदा एवढ्यावरच भिस्त. भाडे निम्मे आहे म्हणून पतसंस्थेत लॉकर घेणाऱ्यांनी आधी तो करार मागून वाचावा.

वाद झालाच तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग सर्वांत स्वस्त आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आयोगाची हद्द आपण मोजलेल्या मोबदल्यावर ठरते, त्यामुळे लॉकरच्या भाड्याचा विचार करता तक्रार सांगलीच्याच आयोगापुढे जाते, मोबदला ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते. बँकेचे मुख्य कार्यालय दुसऱ्या गावी असले तरी तक्रारदार जिथे राहतो तिथे ती दाखल करता येते. ऐवजाच्या किमतीचा वाद गुंतागुंतीचा झाला तर दिवाणी न्यायालय टळणार नाही, हे मात्र गृहीत धरावे.

एकंदरीत या शाखेला मी पाचपैकी साडेतीन गुण देते. जागा, शिस्त, किल्ल्यांची नोंद आणि पुरानंतर दाखवलेली तत्परता यांना पूर्ण गुण आहेत. कराराची प्रत, मराठीचा अभाव, संदेशाची त्रुटी आणि काकूंच्या किल्लीबाबतची सलगी यांसाठी दीड गुण कापला आहे. लॉकर मी सोडणार नाही, कारण घरातील कपाटाला शंभरपट तर सोडाच, एकपट भरपाई देणाराही कोणी नाही. मात्र सासूबाईंच्या पाटल्या आणि मोहनमाळ यांचे मूल्यांकन सराफाकडून लेखी करून घेतले आहे, प्रत्येक दागिन्याचे वजनकाट्यावर ठेवलेले छायाचित्र काढून ठेवले आहे, आणि पाटल्यांचा वेगळा विमा उतरवण्यासाठी विमा कंपनीकडे अर्ज दिला आहे. वरच्या ओळीतील लॉकर बदलून मिळाला आणि संदेश दोन्ही नावांवर येऊ लागला, तर उरलेल्या गुणांचा फेरविचार करून इथेच तशी नोंद करीन.